रिकामा रकाना: केंटकीतल्या तरुणांचा कॅन्सर मोजताना

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रॉबर्टसन नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे २,१९३ माणसं भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक ग्रामपंचायत असते आणि तालुक्याच्या कामाला एसटी पकडावी लागते. रॉबर्टसनला मात्र स्वतःचं न्यायालय आहे, शेरीफ आहे आणि देशाच्या कर्करोग तक्त्यात स्वतःची एक ओळ आहे. तक्ता उघडायचा, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निवडायचा, वय पन्नासच्या आत असं सांगायचं आणि रॉबर्टसनच्या ओळीवर यायचं. तिथे आकडा नसतो. आकड्याच्या जागी एक खूण असते आणि खाली टीप: रुग्णसंख्या सोळापेक्षा कमी असल्याने दर दिलेला नाही.

गेली काही वर्षं एक प्रश्न सारखा विचारला जातोय. तरुणांमधला कॅन्सर वाढतोय हे खरं, पण तो शहरात जास्त वाढतोय की खेड्यात? प्रश्न सरळ वाटतो. काउंटीवार आकडे घ्या, शहरी आणि ग्रामीण असे दोन ढीग करा, सरासरी काढा. केंटकीत हे करायला बसलं की सरळपणा कुठे कुठे मोडतो ते दिसतं, म्हणून हे राज्य निवडलं. कॅन्सरच्या एकूण प्रमाणात केंटकी अनेक वर्षं देशात अगदी वर आहे. तिथली नोंदणी पक्की आहे, म्हणजे दोष कारकुनांवर ढकलायची सोय नाही. आणि तिथे काउंट्या आहेत तब्बल १२०.

हा १२० चा आकडा आधी नीट पचवायला हवा. २०२० साली केंटकीची लोकसंख्या ४५ लाख होती. आपल्या सोलापूर जिल्ह्याची २०११ साली ४३ लाख. म्हणजे साधारण एका सोलापूर जिल्ह्याएवढ्या माणसांचे १२० तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा दर काढायचा आहे. क्षेत्रफळाने केंटकी महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, आणि आपले जिल्हे ३६. शेतकऱ्याला घोड्यावरून न्यायालयात जाऊन दिवसाउजेडी घरी परतता यावं म्हणून काउंट्या एवढ्या लहान ठेवल्या, असं तिथे सांगतात. घोड्याच्या सोयीची ती आखणी आज कॅन्सरच्या दराला छेद, म्हणजे रुग्णसंख्येला भागायची लोकसंख्या, पुरवते.

हिशेब कागदावर मांडू. वीस ते एकोणपन्नास वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे वर्षाला लाखामागे १५ नवे रुग्ण धरू. हा आकडा हिशेबापुरता घेतलाय. रॉबर्टसनमध्ये या वयाचे लोक एक तृतीयांश, म्हणजे साधारण ७५० असतील. लाखामागे १५ म्हणजे ७५० मागे ०.११. सरासरीने नऊ वर्षांत एक रुग्ण. पाच वर्षांचे आकडे एकत्र केले तरी एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५७ टक्के. आणि ज्या वर्षी एखादा सापडला त्या वर्षीचा दर होतो लाखामागे १३३, गृहीत धरलेल्याच्या जवळजवळ नऊपट. गावातल्या एकाला कॅन्सर झाला की रॉबर्टसन नकाशावर लालभडक, पुढच्या वर्षी कोणाला नाही झाला की पांढरी. रुग्णसंख्या सोळापर्यंत पोहोचायला या गतीने १४२ वर्षं लागतील.

आता याच राज्यातली जेफरसन काउंटी घ्या. लुइव्हिल शहर तिच्यात येतं, लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या वर. तिथे या वयाचे तीन लाखांवर लोक, म्हणजे वर्षाला पंचेचाळीसच्या वर रुग्ण. दर बऱ्यापैकी स्थिर राहणार, आलेख सरळ दिसणार. आजार दोन्हीकडे अगदी सारखा धरला होता. तरी एका काउंटीची गोष्ट सांगता येते आणि दुसरीच्या ओळीत रिकामा रकाना राहतो. नकाशावर सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट रंग नेहमी लहान काउंट्यांचेच निघतात. ही करणी छेदाची असते.

सोळाच्या नियमाबद्दल एक गैरसमज कानावर येतो, की सरकार काहीतरी लपवतंय. नियमाची दोन कारणं आहेत. थोड्या रुग्णांवरून काढलेला दर विश्वासाचा नसतो, हे एक. दुसरं, साडेसातशे माणसांत ‘बेचाळीस वर्षांची एक बाई, गुदाशयाचा कॅन्सर’ एवढं छापलं की गावाला नाव कळलंच.

मग शहरी आणि ग्रामीण असे ढीग करणंच बरं, असं वाटतं. ढीग करायला अमेरिकेच्या कृषी खात्याची एक मोजपट्टी आहे. प्रत्येक काउंटीला १ ते ९ अंक. १ ते ३ महानगरी, ४ ते ९ बिगर-महानगरी. अंक ठरतो लोकसंख्येवर आणि लोक कामाला रोज कुठे जातात यावर. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी या पट्टीवर महानगरी आहे. क्षेत्रफळ ५२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साडेतीन सोलापूर जिल्हे, त्यातला बहुतेक भाग वाळवंट. एका कोपऱ्यात लॉस एंजेलिसला चिकटलेली दाट वस्ती आहे, तिच्यामुळे वाळवंटातली झोपडीही ‘शहरी’ ठरते. शिवाय ही पट्टी दर दहा वर्षांनी नव्याने आखतात. १९९३, २००३, २०१३, २०२३. ज्या ग्रामीण काउंटीची भरभराट होते ती शहरी ढिगात जाते, आणि ग्रामीण ढिगात उरतात त्या मागे पडलेल्या. वर्गातली हुशार पोरं दरवर्षी वरच्या तुकडीत हलवायची आणि मग खालच्या तुकडीचा निकाल घसरला म्हणून ओरडायचं, असलाच हा प्रकार. तुलना करताना सगळ्या वर्षांना एकच साल धरून पट्टी लावली की ही गडबड टळते. ते केलंय की नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर क्वचित लिहिलेलं असतं.

आता मुख्य गाठ. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ साली सगळ्या वयांचा, सगळ्या कॅन्सरचा ग्रामीण-शहरी हिशेब मांडला. नव्या रुग्णांचं प्रमाण ग्रामीण भागात किंचित कमी निघालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जास्त: ग्रामीण भागात लाखामागे १८०, शहरी भागात १५८. आजार कमी आणि मरण जास्त, हे एकाच तक्त्यात. फुप्फुस, मोठं आतडं, गर्भाशयमुख यांचे कॅन्सर ग्रामीण भागात जास्त होते. स्तन आणि प्रोस्टेट यांचे शहरात. दुसरी यादी बारकाईने पाहिली तर त्यात तपासणीत सापडणारे कॅन्सर आहेत. जिथे मशिनं जास्त तिथे ते जास्त सापडतात. तरुण बायकांमधला थायरॉइडचा कॅन्सर याच जातीचा. मानेची सोनोग्राफी जितकी जास्त, तितक्या कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी जास्त. दक्षिण कोरियात या तपासणीचं पेव फुटलं तेव्हा १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण पंधरापट झालं आणि मृत्यू जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे ‘तरुणांचे सगळे कॅन्सर’ एकत्र करून शहर विरुद्ध खेडं असा एकच आकडा कोणी पुढे केला, तर मी तो बाजूला ठेवते. त्या आकड्यात आजार किती आणि सोनोग्राफी किती, हे वेगळं करता येत नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यापेक्षा बरा साक्षीदार आहे, कारण तो तरुण वयात खरोखर वाढलाय. १९९५ साली अमेरिकेतल्या या कॅन्सरच्या रुग्णांपैकी ११ टक्के पंचावन्नच्या आतले होते, २०१९ साली २० टक्के. १९९० च्या दशकाच्या शेवटी पन्नाशीच्या आतल्या कॅन्सरमृत्यूंत तो चौथ्या क्रमांकावर होता. आता त्या वयाच्या पुरुषांत पहिला आणि बायकांत दुसरा. नुसत्या तपासण्या वाढल्यामुळे मृत्यूंचा क्रमांक असा वर चढत नाही.

पण इथेही वयाची एक रेघ आडवी येते. वर्षानुवर्षं तपासणी सुरू करायचं वय पन्नास होतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते २०१८ साली ४५ वर आणलं. तपासण्यांच्या शिफारशी ठरवणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये तेच केलं. या समितीची शिफारस आली की विमा कंपन्यांना तपासणीचा खर्च उचलावा लागतो, म्हणून खरा फरक २०२१ नंतर पडला. ४५ ते ४९ वयात तपासणी केलेल्यांचं प्रमाण २०२१ साली २० टक्के होतं, २०२३ साली ३४. आणि त्याच वयात, आतड्यापुरता मर्यादित असतानाच सापडलेल्या कॅन्सरचं प्रमाण २०२१ ते २०२२ या एका वर्षात लाखामागे ११.७ वरून १७.५ झालं. पन्नास टक्के वाढ! बातमीला आयता मथळा. प्रत्यक्षात ही चांगली बातमी आहे. जे दोन-चार वर्षांनी पोट फुगल्यावर सापडले असते ते आधीच सापडले.

ही चांगली बातमी लुइव्हिलला आधी पोहोचते आणि राज्याच्या पूर्व टोकाच्या पाइक काउंटीला उशिरा. ॲपलाचियन डोंगररांगांत केंटकीच्या ५४ काउंट्या येतात, पूर्वेकडच्या भागात कोळशाच्या खाणी, त्यातल्या बऱ्याच आता बंद. पाइकव्हिलपासून लेक्सिंग्टनचं विद्यापीठ रुग्णालय सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. आता एका माणसाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, डोळ्यांसमोर आणा. आदल्या दिवशी जेवण बंद, फक्त पाण्यासारखे पदार्थ. संध्याकाळी जुलाबाचं औषध, दोन-तीन लिटर, चव अशी की नाक दाबून प्यावं. रात्र संडासात. सकाळी पुन्हा उरलेला डोस आणि मग दुर्बीण. गुंगी दिलेली असल्यामुळे त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवंच. म्हणजे एका तपासणीला दोन माणसांचा रोज बुडतो. तिथे आपल्यासारखी एसटी नाही, वडापही नाही. अडीच तासांचा प्रवास जुलाबाच्या औषधावर करायचा असेल तर सेहेचाळीस वर्षांचा, काही दुखत-खुपत नसलेला माणूस पुढच्या वर्षी बघू म्हणेल. मीही म्हटलं असतं. टपालाने घरी येणारं शौच-तपासणीचं किट हा यावरचा चांगला उतारा आहे. त्यात रक्त आढळलं तर मात्र दुर्बीण चुकत नाही.

परिणाम असा, की काही वर्षं ४५ ते ४९ या वयात शहरी काउंट्यांचा दर उसळलेला दिसेल आणि ग्रामीण दर शांत. त्यावरून ‘तरुणांमधला कॅन्सर हा शहरी राहणीचा रोग’ असं लिहिणारे लिहितील. पुढे दहा वर्षांनी चित्र उलटेल, कारण दुर्बिणीतून कोंब, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारी बारीक वाढ, दिसला की डॉक्टर तो तिथेच कापून काढतात आणि त्या जागी होणारा कॅन्सर होतच नाही. तपासणी आधी दर चढवते, मग उतरवते. दोन काउंट्या या चढउताराच्या वेगवेगळ्या पायरीवर असताना एकाच वर्षाचा दर शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे एक माणूस जिना चढताना आणि दुसरा उतरताना भेटल्यावर उंच कोण ते ठरवणं.

पंचेचाळीसच्या आतल्यांना सरसकट तपासणी नाहीच. तिथे लक्षणांवरूनच सापडतं: पोटात दुखणं, शौचावाटे रक्त, सततचे जुलाब, लोह कमी झाल्याने रक्तक्षय. आणि पस्तिशीच्या माणसाला शौचावाटे रक्त गेलं की आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, पहिला शब्द निघतो मूळव्याध. तरुणांत हा कॅन्सर बहुतेकदा डाव्या बाजूला किंवा गुदाशयात होतो, नेमका मूळव्याधीच्या शेजारी. वर विम्याची एक खोच आहे. निरोगी माणसाची ठरलेल्या वयातली तपासणी फुकट. लक्षण घेऊन आलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाची तीच दुर्बीण ‘निदानासाठी’ ठरते आणि बिलाचा वाटा त्याच्या माथी येतो. ज्याला गरज जास्त त्याला खर्च जास्त.

या वयोगटात ग्रामीण दर कमी दिसला तर मी लगेच दोन गोष्टी मागते: सापडताना आजार कुठल्या टप्प्यावर होता, आणि मृत्यू किती. मृत्यूच्या नोंदीत तपासणीची लबाडी कमी असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३,१०८ काउंट्यांतले पन्नाशीच्या आतल्या पुरुषांचे या कॅन्सरचे मृत्यू पाहिले गेले. त्यात २३२ काउंट्या तापलेल्या, म्हणजे मृत्यूंचं प्रमाण जास्त असलेल्या, निघाल्या आणि त्यातल्या २१४ दक्षिणेकडच्या राज्यांत. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातल्या आणि ॲपलाचियातल्या काउंट्या तर सर्व वयांच्या मृत्यूंच्या नकाशावरही आधीपासून गडद होत्या. गरिबी, तंबाखू, लठ्ठपणा आणि दवाखान्यापासूनचं अंतर, सगळं त्याच पट्ट्यात.

केंटकीने हातपाय गाळले होते असं मात्र नाही. १९९९ साली या तपासणीत ते पन्नास राज्यांत ४९ वं होतं. पुढच्या दहाएक वर्षांत गावोगावच्या कॅन्सर समित्या, डॉक्टरांच्या बैठका आणि २००८ चा राज्याचा कायदा यांच्या जोरावर ते मधल्या फळीत आलं. २०१४ साली गरिबांचा सरकारी विमा वाढवला तो वेगळाच. पण हे सगळं पन्नाशीपुढच्यांसाठी होतं. तरुणांचा प्रश्न त्याच्या मागून आला.

आणि तरुणांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठी वाटते. नोंदणीत पत्ता लिहितात तो निदानाच्या वेळचा. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. पस्तिशीच्या माणसाचं काय? १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांपेक्षा, त्याच वयात कोलनच्या (गुदाशय सोडून उरलेल्या मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट, असं २०१७ साली दिसून आलं. धोका जन्मसालाबरोबर चढत असेल तर कारण बालपणात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला शोधावं लागतं. २०२५ साली ११ देशांतल्या रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी झाली. आतड्यातले काही जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, त्याच्या खुणा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त आढळल्या, आणि त्या खुणा लहानपणीच उमटलेल्या असाव्यात असा संशोधकांचा अंदाज आहे. आता पाइक काउंटीत वाढलेला पोरगा खाण बंद झाल्यावर विसाव्या वर्षी लुइव्हिलला गेला आणि अडतिसाव्या वर्षी तिथे त्याला कॅन्सर निघाला. रुग्ण जेफरसनच्या खात्यात. पाइकने त्याला वाढवलं, पण तिच्या अंशात तो नाही आणि छेदातही नाही.

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. गुहागरचा चाकरमानी परळच्या चाळीत तीस वर्षं काढतो. त्याचा कॅन्सर कुठला धरायचा, मुंबईचा की गुहागरचा? भारतातल्या नोंदण्या, निदानाआधी किमान वर्षभर ज्याचा मुक्काम त्या भागात आहे तो तिथला, असा नियम लावतात, म्हणून गावाकडून टाटा रुग्णालयात आलेला रुग्ण मुंबईच्या दरात मिसळत नाही. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे शहरात आयुष्य काढून आजारपणात गावी परतलेला माणूस, मोजायला अवघड. मुंबईची नोंदणी १९६३ साली सुरू झाली, देशातली पहिली. ग्रामीण नोंदणी बार्शीला १९८७ साली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. तिथे दवाखान्याची कागदपत्रं येण्याची वाट पाहून भागणार नव्हतं, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन, जाणत्या लोकांना भेटून, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावरून रक्त जातंय, हे विचारत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. केंटकीत कायद्याने रुग्णालय कळवतं, बार्शीत माणूस विचारायला जातो. बार्शीचा दर केंटकीच्या दराशेजारी ठेवायचा मोह मात्र आवरावा. वयाचा फरक काढून टाकायला आपण जगाची प्रमाण लोकसंख्या वापरतो आणि अमेरिका स्वतःची २००० सालची, त्यामुळे दोन्हीकडचे ‘लाखामागे’ वेगवेगळ्या मापाचे आहेत.

वयाचा हा फरक तरुणांच्या गटाच्या आतही नडतो. वीस ते एकोणपन्नास हा गट कागदावर एक दिसतो, पण चाळिशीतल्याचा धोका पंचविशीतल्याच्या कितीतरी पट असतो. विशीतली पोरं गाव सोडून गेली की गावात उरलेल्या ‘तरुणांचं’ सरासरी वय वाढतं आणि आजार न वाढताही ढोबळ दर चढतो. म्हणून पाच-पाच वर्षांच्या पट्ट्या पाडून वय समायोजित करावं लागतं. पट्ट्या पाडल्या की प्रत्येक पट्टीतली माणसं आणखी कमी, म्हणजे पुन्हा रिकामे रकाने.

रॉबर्टसनच्या रकान्यावर केंटकीचा स्वतःचा एक तोडगा आहे. राज्याने १२० काउंट्यांचे १५ विकास विभाग केलेत. रॉबर्टसन ज्या विभागात येते त्यात पाच काउंट्या आहेत: ब्रॅकन, फ्लेमिंग, लुइस, मेसन आणि रॉबर्टसन. मिळून ५६ हजार लोक. वीस ते एकोणपन्नासचे १९ हजार धरले आणि दर तोच लाखामागे १५, तर पाच वर्षांत रुग्ण होतात चौदा. सोळाला दोन कमी. दहा वर्षं एकत्र केली तर अठ्ठावीस होतील आणि रकाना भरेल. पण आत्ता मागची दहा वर्षं घेतली की २०२० येतं, ज्या वर्षी साथीमुळे देशभर निदानंच घटली म्हणून बरेच अभ्यास ते वर्ष वगळतात. आणि २०२१ येतं, ज्या वर्षी तपासणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आलं. जो बदल पाहायचा होता तो त्या एका सरासरीच्या आत बुडालेला असेल.